काजूचा डबा आणि सुकटीचा वास

मित्रांनो, या, असे जवळ या. अजून जवळ. नाकाला काही लागलं? नाही ना? मग आता बिनधास्त बसा. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. चौकोनी आहे, तुमच्या गुडघ्याएवढा उंच आहे, डाव्या कुशीत मोठा पोचा आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. माझ्या पोटावर काजूचं चित्र आहे. आता ते अर्धंअधिक उडालं, पण एके काळी असं झळकायचं की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं! आणि त्याच चित्रानं एकदा असा घोळ घातला की विचारू नका. सांगतो, सगळं सांगतो. मला जरा बोलायची हौस आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कोकणातल्या एका काजूच्या कारखान्यातला. तिथं बायका ओळीनं बसून काजू फोडायच्या. काजूच्या टरफलात असा जहरी चीक असतो की हाताची सालपटं निघतात, म्हणून त्या हाताला राख चोळून बसायच्या. एवढ्या खटाटोपानंतर आतून गोरापान गर बाहेर यायचा. असे अकरा किलो गर माझ्या पोटात भरले, आतली हवा काढून घेतली आणि माझं तोंड डाख देऊन बंद केलं. काय सांगू, मित्रांनो, छाती नुसती फुगून गेली होती. मी परदेशी जाणार होतो!

जाताना मुक्काम पडला भिवंडीजवळ कशेळीला, खाडीजवळच्या गोदामात. आम्ही शेकडो डबे एकमेकांवर थप्पी लावून उभे. तिथं रामू नावाचा हमाल होता. त्याचा एक चुलतभाऊ जहाजावर भटारी होता, त्यामुळे रामूला जगातली सगळी स्वयंपाकघरं पाठ. थप्पीवर हात मारत तो बाकीच्या हमालांना सांगायचा, "ये देख, ही लाईन चालली अमेरिकेला. तिकडं खारवून खातात, टीव्हीसमोर बसून. ही दुबईला, तिकडं तुपात परतून भातावर टाकतात. आनि ही सिंगापूरची. तिकडं चिनी लोग कोंबडीत घालतात, पूरा का पूरा, तुकडा नाय करत!" मी ऐकत राहायचो. कोंबडीत की भातावर? मला तर दोन्ही हवं होतं!

आणि मग एका दुपारी रामूचा पाय घसरला. मी पाठीवरून सुटलो आणि लादीवर कोपऱ्यावर आपटलो. पोचा पडला. परदेशी जाणाऱ्या डब्याला पोचा चालत नाही. माझे सगळे सोबती ट्रकमध्ये चढून गेले आणि मी भिंतीला तोंड करून एकटाच उरलो. तेव्हा मला फार रडू आलं. दोन हजार दोनची दिवाळी होती ती. गोदामाचा गाळा केसरीनाथ नावाच्या आगरी गृहस्थांचा. भाडेकरू व्यापाऱ्यानं मला दिवाळीची भेट म्हणून त्यांच्या घरी पाठवून दिलं.

केसरीनाथांच्या घरात सत्ता चालायची ती त्यांच्या थोरल्या बहिणीची. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. आक्का लहानपणीच्या गरिबीतून आलेली, त्यामुळे घरात आलेली वस्तू बाहेर जाऊ देणं तिला ठाऊकच नव्हतं. काजू संपले तसं तिनं पत्र्याचं काम करणाऱ्याकडून माझं तोंड नीट कापून आणलं, घट्ट झाकण बसवून घेतलं आणि माझ्यात काय भरलं असेल? सुकट! खाडीकाठच्या माणसांची पावसाळ्याची बेगमी. वाळवलेली बारीक कोलीम, जवळा आणि वर सोड्यांची, म्हणजे सोलून सुकवलेल्या कोलंबीची, पुरचुंडी. झाकण आणि डबा यांच्यामध्ये आक्का एक सुती फडकं दाबून बसवायची, म्हणजे पावसाची ओल आत जायची नाही. तेच फडकं, दर वर्षी. पहिले आठ दिवस मी लाजेनं मान वर केली नाही. जो सिंगापूरला निघाला होता त्याच्या पोटात सुकट! पण खरं सांगू? बाहेर धो धो पाऊस, बाजारात मासळी नाही आणि आक्का माझ्यातून मूठभर सुकट काढून कांद्यावर परतायची, तेव्हा सगळं घर चुलीपाशी धावत यायचं. हळूहळू मला त्याचा अभिमान वाटायला लागला.

अशी पाच वर्षं गेली. मी आलो तेव्हा केसरीनाथांची मुलगी दिपाली दहावीला होती. आता ती ठाण्याला हॉटेलच्या स्वयंपाकाचा कोर्स पुरा करून आली होती आणि तिच्या डोक्यात एकच खूळ होतं. गोदामातला रस्त्याकडचा गाळा रिकामा झाला होता, तिथं तिला स्वतःचं खानावळीसारखं किचन काढायचं होतं. डबे द्यायचे, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या. केसरीनाथ मात्र हसायचे. "रांधाचा तं घरान पन रांधतंस गो. त्याला गाला कनाला पायजे?" ते म्हणायचे. एक नवा भाडेकरू येऊन गाळा बघूनही गेला होता.

तेवढ्यात दिपालीचा भाऊ सार्थक याचं लग्न ठरलं. कामतघरची मृणाली. मे महिन्यातल्या एका रविवारी व्याह्यांची चाळीस माणसं पहिल्यांदा जेवायला येणार होती. दिपाली वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, त्या दिवशीचं जेवण मी करते. सगळा मेन्यू माझा. व्याह्यांनी बोटं चाटली तर गाळा मला द्यायचा. नाक मुरडलं तर तुम्ही सोमवारी भाडेकरूला चावी द्या, मी परत विषय काढणार नाही."

"आनि मटन?" केसरीनाथांची पहिली काळजी ही.

"आहे, बाबा. मटणाचा पांढरा कोर्मा, काजूच्या वाटणातला. चिनी पद्धतीची काजूची कोंबडी. ओल्या काजूची आमटी, केरळी पायसम, त्याच्यावर तुपात तळलेले काजू. आणि शेवटी काजूकतली. जगभर काजू कसा खातात ते दाखवते सगळ्यांना!"

केसरीनाथांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. "बरा. शब्द दिला," ते म्हणाले. मित्रांनो, मी फळीवर नुसता थरथरत होतो. सिंगापूरची कोंबडी, केरळचं पायसम, सगळं या घरात, माझ्यासमोर शिजणार होतं!

गुरुवारी दिपालीनं चार किलो काजू आणले, पाकळी आणि अख्खे मिळून, प्लास्टिकच्या पिशवीत. शुक्रवारी ती आणि सार्थक मोटारसायकलवरून अंबाडीला गेले आणि नाक्यावर बसणाऱ्या आनंदीबाईंकडून ओल्या काजूचे गर घेऊन आले. हंगामाचे शेवटचे. आनंदीबाईंनी ते पळसाच्या पानात बांधून दिले होते. आणि त्या दोघांच्या मागं घरात काय झालं, ते फक्त मला माहीत आहे.

आक्कानं ती प्लास्टिकची पिशवी बघितली. मुंग्यांची एक रांग तिच्याकडे निघाली होती. आक्काच्या जिवाला लागलं. पोरीचा एवढा मोठा दिवस, आणि काजू असे उघड्यावर? तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर आली. जुनी सुकट संपली होती, नवी अंगणात चटईवर वाळत होती. मी रिकामाच होतो. आणि पोटावर माझ्या काजूचं चित्र! "आरं, तू तं काजवाचाच डबा," आक्का मला म्हणाली. तिनं मला चिंच लावून घासलं, उन्हात पालथं घातलं, कोरडं केलं. मी आरशासारखा लखलखलो. मग चार किलो काजू माझ्यात ओतले, आणि सवयीनं, अगदी सवयीनं, झाकणाखाली ते पाच वर्षांचं फडकं दाबून बसवलं.

मी ओरडत होतो हो! पण डब्याचं ऐकतं कोण? काजूसारखा वास ओढून घेणारा दुसरा जिन्नस नाही. बाहेर मे महिन्याचा उकाडा, वर सुकटीनं मुरलेलं फडकं. दोन दिवस आणि दोन रात्री.

रविवारी सकाळी आठला दिपालीनं वाटणासाठी झाकण काढलं आणि ती दोन पावलं मागं सरली. मूठभर काजू तिनं नाकाशी नेले. मग दुसरी मूठ, तळातली. मग एक काजू खाल्ला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आक्का! काय केलंस तू हे? कोणी सांगितलं होतं तुला?"

आक्का धावत आली. तिलाही वास आला आणि ती जागच्या जागी बसली. "मुंग्या आयलेल्या गो बाय... मी ऐसा समजली..."

"समजली! माझं सगळं घालवलंस तू!" दिपालीचा आवाज फाटला. तिनं काजू परातीत ओतले आणि मला असं लाथाडलं की मी गडगडत अंगणात, वाळत्या सुकटीशेजारी जाऊन पडलो. दुसरा पोचा तेव्हाचा. पण मला माझं काहीच वाटलं नाही. आत आक्का पदर तोंडाला लावून रडत होती, आणि ती माउली नवरा गेल्यावर या घरात आल्यापासून कधी कुणासमोर रडली नव्हती.

आता करायचं काय? दुकानं दहाशिवाय उघडत नाहीत. आणि भारनियमनाची लाईट नऊला जाते ती एकला येते, म्हणजे वाटण व्हायचं तर तासाभरात व्हायला हवं. दिपालीनं थोडे काजू तव्यावर भाजून बघितले. छे! वास जायच्या ऐवजी दुप्पट उठला, गल्लीतलं मांजर दारात येऊन बसलं. कतली गेली, कोर्मा गेला. सार्थक म्हणाला, "मी नाक्यावर जाऊन बसतो, पहिलं दुकान उघडलं की किलोभर अख्खे काजू आणतो." कोंबडीला आणि पायसमला तेवढे पुरले असते, त्यांना वाटण लागत नाही. पण बाकी? दिपाली खाली बसली, कोर्सची वही मांडीवर घेतली आणि भराभरा पानं उलटायला लागली. आणि एका पानावर थांबली. मी अंगणातून बघत होतो. तिचे ओठ हलत होते. मग ती एकदम ओरडली, "आक्का! इकडे ये! ब्राझील!"

"कोन?" आक्का डोळे पुसत म्हणाली.

"देश आहे गं, ब्राझील! काजू मुळात तिथला. पोर्तुगीजांनी जहाजातून आपल्याकडे आणला. आणि तिथं बाहिया म्हणून प्रांत आहे, समुद्राकाठचा, तिथं काजू कशाबरोबर वाटतात माहितीये? सुक्या कोलंबीबरोबर! नारळाच्या दुधात शिजवतात. वातापा म्हणतात त्याला. सरांनी लिहून दिलं होतं, मी कधी करूनच बघितलं नाही!"

आक्कानं नाक ओढलं. तिच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी चमकायला लागलं. "म्हंजे काजवाच्या गावाला सुकट घालतान?"

"घालतात!"

"मंग मी कई चुकली?" आक्का कंबर बांधून उभीच राहिली. दिपाली आधी हसली, मग तिला एकदम रडू फुटलं आणि तिनं आक्काला मिठी मारली. "ओरडले गं मी तुझ्यावर," ती म्हणाली. "मागशीन रड," आक्का म्हणाली. "लाईट जातंय."

आणि मग मित्रांनो, जी धांदल उडाली! आक्का अंगणात आली, चटईवरचे सोडे वेचले, निम्मे निवडून माझ्यातच टाकून आत नेले. म्हणजे मी पुन्हा कामावर! सोडे भाजले, काजूबरोबर मिक्सरला लावले. आलं, कांदा, कोथिंबीर. भर्रर्र, भर्रर्र! घड्याळात नऊला दहा मिनिटं. नारळाचं दूध काढायचं राहिलं होतं, ते, बाहेरून नुकतेच येऊन व्याह्यांसाठी पाट मांडणाऱ्या केसरीनाथांना काही कळू नये म्हणून, आक्कानं त्यांच्या नजरेआड हातानंच पिळून काढलं. शेवटचं भांडं फिरलं आणि टप्पकन लाईट गेली. दोघींनी एकमेकींकडे बघून सुटकेचा निःश्वास सोडला.

वहीत लिहिलं होतं, घट्टपणासाठी पाव भिजवून घाला. "पाव कनाला?" आक्का म्हणाली. "तांदलाचा पीठ घाल. भाकरीबरोबर खातील ना." वहीत पामचं लाल तेल लिहिलं होतं, ते भिवंडीत कुठून यायचं? दिपालीनं खोबरेल गरम करून त्यात लाल तिखट सोडलं. पातेल्यात केशरी रंग चढला आणि असा दरवळ सुटला, काजूचा गोडवा आणि खाडीचा खारेपणा एकत्र, की मला माझाच हेवा वाटला. पाच वर्षं मी जे पोटात घेऊन बसलो होतो आणि त्याआधी जे होतं, ते दोन्ही एका पातेल्यात रटरटत होतं! मटणाचा आक्कानं सरळ आपल्या पद्धतीचा झणझणीत रस्सा केला. साडेदहाला सार्थक काजू घेऊन घामाघूम परत आला.

साडेबाराला पंगत बसली. आक्काच्या हाताशी म्हणून मी दारातच होतो, भाकऱ्यांचं फडकं माझ्या झाकणावर. कोंबडी गेली, आमटी गेली. मग दिपाली वातापा घेऊन निघाली. मृणालीची आई गोदूबाई पंगतीच्या मध्यावर बसली होती. कामतघरात अशी ख्याती की गोदूबाईनं ज्या लग्नात दुसऱ्यांदा वाढून घेतलं, त्या लग्नाचं जेवण लोक वर्षभर आठवतात. तिनं भाकरीचा तुकडा बुडवला. तोंडात घातला. चावायची थांबली.

"ह्यान सोडं हान?" गोदूबाईनं विचारलं.

"हो, मावशी. सोडे आणि काजू. ब्राझील देशात करतात."

"तिकडं पन आगरी हान का काय?" गोदूबाई म्हणाली आणि तिनं ताट पुढं केलं. "घाल अजून. लाजू नको, भरपूर घाल!" पंगतीत हशा पिकला. मग काय, चाळीस ताटं पुढं यायला लागली. मृणालीच्या काकानं तर पायसमच्या आधी तिसऱ्यांदा मागून घेतलं. "कोनी शिकवला गो तुला?" गोदूबाईनं विचारलं. दिपालीनं आक्काकडे बोट दाखवलं. आक्कानं लाजून पदर डोक्यावर ओढला.

पाहुणे गेले. केसरीनाथ स्वयंपाकघरात आले, पातेल्याच्या तळाशी उरलेला वातापा त्यांनी बोटानं पुसून खाल्ला आणि दिपालीकडे न बघता म्हणाले, "मी खारीच्या पान्यावर वाढलेलो मानूस हाय. सुकटीचा वास मना शिकवू नको. हा तुज्या यादीन नवता. काजू नासलेलं ना?"

खोटं बोलता आलं असतं. व्याही खूश होते, शब्द दिलेला होता. पण दिपालीनं सगळं सांगितलं. डब्याचं, फडक्याचं, सकाळी आठचं, आक्काला ओरडल्याचंसुद्धा. आक्का मधेच म्हणाली, "चूक माजी हाय, तिची न्हाय." केसरीनाथांनी पातेलं उचलून मोरीत ठेवलं, हात धुतले. माझा तर जीव झाकणात आला होता.

"सगला बरा असल त कोनी पन रांधल," शेवटी ते म्हणाले. "नासलेल्यातशी चालीस मानसांना जेवू घातलंस. गाला तुजा. भाडेकरूला मी सांगतंय." आणि गाळ्याची चावी त्यांनी तिच्या हातात ठेवली.

दिपाली जागच्या जागी उडाली! मी सुद्धा उडालो असतो, पण मला पाय नाहीत.

आता मी त्या गाळ्यात राहतो. आक्का रोज दुपारी येते, वातापाची चव बघते आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरते. वातापा दर बुधवारी असतो आणि दिपाली त्याला पाटीवर आक्काच्या नावानंच लिहिते. माझ्या अंगावर तिनं लाल रंगानं मोठ्या अक्षरात 'सुकट' असं लिहून ठेवलं आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझी हात जोडून विनंती आहे, म्हणजे मला हात नाहीत, पण तुम्ही समजून घ्या. काजू सुगंधी, उग्र जिनसांपासून लांब ठेवा. झाकणाखालचं फडकं अधूनमधून धुवा, नाही तर फेकून द्या. जुने डबे मात्र फेकू नका, आत काय आहे ते वर लिहा म्हणजे झालं. आणि तुमच्या घरात एखादी आक्का असेल, आणि तिनं मायेनं काही करायला जाऊन तुमचा मोठा दिवस बिघडवला, तर ओरडायच्या आधी एक घास चाखून बघा. दिपाली अजून म्हणते, त्या सकाळचं तिला सगळं आवडतं, फक्त आक्कावर ओरडलेलं ते पहिलं वाक्य परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.